‘रिस्टार्ट केलं की चालतं’: टॉमकॅट आणि मायएसक्यूएलची गाठ सुटते तेव्हा

टॉमकॅट म्हणजे जावा सॉफ्टवेअर चालवणारा सर्व्हर, मायएसक्यूएल म्हणजे त्याची माहिती साठवणारा डेटाबेस. या दोघांची जोडणी बिघडली की काय करायचं ते इथे सांगतो. आधी लक्षणं. यातलं काही तुमच्याकडे होतंय का बघा.

- लॉगिनचं पान येतं. पासवर्ड घातला की चाक फिरत राहतं आणि शेवटी ५०० नंबरची एरर.
- सकाळी पहिल्या माणसाला एरर, दुसऱ्यांदा केलं की चालू. मग दिवसभर तक्रार नाही.
- सकाळी सुरळीत, पण बाराच्या गर्दीत सगळे काउंटर एकदम अडकतात. टॉमकॅट रिस्टार्ट केला की संध्याकाळपर्यंत निभतं.
- लाइट जाऊन आली की ४०४. सर्व्हिसेसच्या यादीत टॉमकॅट ‘रनिंग’ दिसतो, तरी पान सापडत नाही.
- नवीन वॉर फाइल (सॉफ्टवेअरचं बांधून दिलेलं गाठोडं) टाकली आणि काल चालणारं सॉफ्टवेअर आज ‘नो सुटेबल ड्रायव्हर’ म्हणतंय. (ड्रायव्हर म्हणजे जावा आणि डेटाबेस यांच्यातला दुभाषा.)
- सगळं चालतं, पण खातेदाराच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या सोसायट्या, तंबाखूच्या वखारी आणि उद्यमबागेतले दोन-चार कारखाने यांची जावा सॉफ्टवेअरं मी सांभाळतो. बहुतेक ठिकाणी टॉमकॅट ८.५ किंवा ९, खाली मायएसक्यूएल ५.७ किंवा ८. दोन जागी पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस. फोन नेहमी एकाच वाक्याने सुरू होतो, “सर, सिस्टिम बंद पडलीय बघा. रिस्टार्ट मारू काय?” माझं उत्तरही ठरलेलं आहे: थांबा, आधी लॉगची, म्हणजे सॉफ्टवेअर स्वतः लिहीत जातं त्या नोंदवहीची, प्रत काढा.

रिस्टार्ट वाईट असतो असं नाही. काउंटरवर वीस माणसं उभी असतील तर मीही रिस्टार्टच मारतो. पण रिस्टार्टने कनेक्शनचा पूल (डेटाबेसच्या तयार जोडण्यांचा साठा) रिकामा होतो, अडकलेले थ्रेड (एकेक विनंती हाताळणारे धागे) मरतात आणि बिघाडाच्या खुणाही त्यांच्याबरोबर जातात. दुसऱ्या दिवशी तेच. एका वखारीत सात महिने रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत टॉमकॅट रिस्टार्ट करायचा रिवाज होता. कुणी लावला, का लावला, कुणालाच ठाऊक नव्हतं. चहा येतो तसा रिस्टार्ट यायचा.

फाइलींची नावं, एरर आणि आज्ञा मी इथे देवनागरीत लिहितोय. मशीनवर अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

पहिलं काम: लॉग, आणि तोही शेवटून

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. लिनक्सवर टॉमकॅटच्या ‘लॉग्स’ फोल्डरमध्ये ‘कॅटालिना.आउट’ असते. विंडोजवर टॉमकॅट सर्व्हिस म्हणून चालत असेल तर ती नसते. तिथे तारखेची ‘कॅटालिना’ फाइल, ‘टॉमकॅट९-एसटीडीआउट’ नावाची फाइल आणि ‘लोकलहोस्ट’ नावाची फाइल अशा तिन्ही बघायच्या. पोरं नेमकी तिसरी विसरतात. ‘वन ऑर मोअर लिसनर्स फेल्ड टू स्टार्ट’ एवढंच बोलून कॅटालिनाची फाइल गप्प बसते. खरं कारण लोकलहोस्टच्या फाइलीत असतं.

एररचा ढीग वरून वाचायचा नाही. सगळ्यात खालचा ‘कॉज्ड बाय’ शोधायचा. वरचे सगळे त्याच एररवर चढवलेले शर्ट-कोट असतात. तो खालचा संदेश तुम्हाला कोणत्या खोलीत शिरायचं ते सांगतो:

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आणि ‘कनेक्ट टाइम्ड आउट’ यांत लोक फरक करत नाहीत, पण तो जमीन-अस्मानाचा आहे. रिफ्यूज्ड म्हणजे तुम्ही पणजीला दुकानासमोर पोचलात, शटर खाली आहे. टाइम्ड आउट म्हणजे चोर्ला घाटातच कुठेतरी अडकलात. पहिल्यात डेटाबेसची सर्व्हिस किंवा पोर्ट बघायचा, दुसऱ्यात फायरवॉल, आयपी आणि केबल.

‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणजे दार उघडलं, पण ओळख पटली नाही. ‘अननोन डेटाबेस’ म्हणजे यूआरएलमधलं (डेटाबेसच्या पत्त्याच्या ओळीतलं) डेटाबेसचं नाव चुकलं. ‘कॅनॉट क्रिएट जेडीबीसी ड्रायव्हर ऑफ क्लास’ आणि पुढे रिकामं अवतरण, यूआरएलच्या जागी ‘नल’, असं दिसलं तर डेटाबेसला हात लावू नका. टॉमकॅटने तुमचं कॉन्फिगरेशन वाचलेलंच नाही. ‘टाइमआउट वेटिंग फॉर आयडल ऑब्जेक्ट’ किंवा हिकारी नावाचा पूल असेल तर ‘कनेक्शन इज नॉट अव्हेलेबल’ असं आलं, तर थेट शेवटच्या तपासणीकडे उडी मारा.

सर्व्हिस चालू आहे का, डिस्कमध्ये जागा आहे का

हसू नका. माझ्या वहीतल्या नोंदींत सगळ्यात जास्त वेळा हेच दोन निघालेत.

डिस्क भरते ती बहुधा आपल्याच हाताने. ‘कॅटालिना.आउट’ टॉमकॅट स्वतःहून कापत नाही, ती वाढतच जाते; तिच्यासाठी लॉगरोटेट (लॉग ठरावीक काळाने कापणारं साधन) लावावं लागतं. दुसरा गुन्हेगार म्हणजे रोजचा बॅकअप. एका सोसायटीत रोज रात्री पूर्ण डंप सी ड्राइव्हमध्येच पडत होता, जुना कधीच पुसला जात नव्हता. ड्राइव्ह भरला आणि मायएसक्यूएल लिहायला जागा मागत अडकून बसलं. वाचणं चालू, लिहिणं बंद. त्यामुळे शिल्लक दिसायची, पण पावती निघायची नाही, आणि सगळे प्रिंटरला शिव्या देत होते.

आता लाइट जाऊन आल्यावरचा ४०४. पावसाळ्यात खानापूर बाजूला हा फोन आठवड्याला एकदा ठरलेला. होतं असं: लाइट आली, मशीन स्वतः सुरू झालं, टॉमकॅटही उठला. मायएसक्यूएल मात्र अचानक बंद पडलेलं असल्याने इनोडीबीची (त्याच्या साठवणीच्या भागाची) दुरुस्ती करत बसलं होतं. स्प्रिंग किंवा हायबरनेट या जावाच्या तयार चौकटींवर लिहिलेलं ॲप सुरू होतानाच डेटाबेस शोधतं, तो मिळाला नाही की ते ॲप उभंच राहत नाही. टॉमकॅट जिवंत, ॲप मेलेलं, म्हणून ४०४. नंतर डेटाबेस आला तरी ॲप पुन्हा प्रयत्न करत नाही. रिस्टार्टने सुटतं ते याच कारणाने, आणि पुढच्या वेळी लाइट गेली की परत होतं तेही याच कारणाने.

कायमचा उपाय म्हणजे क्रम लावणे. विंडोजवर ‘एससी कॉन्फिग’ या आज्ञेने टॉमकॅटच्या सर्व्हिसला मायएसक्यूएलच्या सर्व्हिसवर अवलंबून करा (‘डिपेंड’ शब्दानंतरच्या बरोबरच्या चिन्हापुढे एक जागा सोडावी लागते, नाहीतर आज्ञा रुसते), शिवाय टॉमकॅटला ‘ऑटोमॅटिक डिलेड स्टार्ट’ द्या. लिनक्सवर ‘सिस्टमसीटीएल एडिट’ करून ‘आफ्टर’ आणि ‘वॉन्ट्स’ अशा दोन ओळी घाला. डिलेड स्टार्ट का, तर सर्व्हिस सुरू झाली म्हणजे डेटाबेस जोडणीला तयार झाला असं नसतं. जमत असेल तर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला सांगून सुरुवातीचा प्रयत्न चार-पाच वेळा करायला लावा.

आणि यूपीएसवर फक्त सर्व्हर नको, राउटर आणि स्विचही हवा. त्याचं कारण पुढच्याच भागात आहे.

पत्ता तोच आहे का

टॉमकॅट आणि डेटाबेस एकाच मशीनवर असतील तर हा भाग सोडून द्या.

वेगळ्या मशीनवर असतील, तर राउटर बंद होऊन सुरू झाल्यावर डेटाबेसच्या मशीनला नवीन आयपी मिळालेला असू शकतो. काल शेवटी १२ होता, आज १७. कॉन्फिगरेशनमध्ये १२ च लिहिलेला. डेटाबेसच्या मशीनवर ‘आयपीकॉन्फिग’ मारून बघा आणि कॉन्फिगरेशनशी ताडा. उपाय म्हणजे त्या मशीनला स्थिर आयपी, किंवा राउटरमध्येच आरक्षण.

आयपी बरोबर असेल तर टॉमकॅटच्या मशीनवरून, स्वतःच्या लॅपटॉपवरून नाही, पोर्ट उघडा आहे का बघा. पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ पुढे आयपी आणि पोर्ट. मायएसक्यूएलचा ठरलेला पोर्ट ३३०६, पोस्टग्रेसचा ५४३२. नुसतं पिंग पुरत नाही. पिंग जाऊनही पोर्ट बंद असतो.

राउटर बदलल्यावर एक गंमत होते. विंडोजला ते नवं नेटवर्क वाटतं, ते त्याला ‘पब्लिक’ ठरवतं, आणि ‘प्रायव्हेट’साठी उघडलेला फायरवॉलचा नियम लागू होत नाही. काहीही न बदलता टाइम्ड आउट! “सर, आम्ही कशालाच हात लावला नाही की!” खरं बोलत असतात बिचारे. इंटरनेटवाला नवा डबा बसवून गेलेला असतो.

मायएसक्यूएलच्या बाजूला ‘बाइंड-ॲड्रेस’ १२७.०.०.१ असेल तर ते बाहेरच्या मशीनचं ऐकतच नाही; पोस्टग्रेसमध्ये तसंच ‘लिसन_ॲड्रेसेस’, आणि त्यावर ‘पीजी_एचबीए’ फाइलमध्ये त्या मशीनची नोंद लागते. पोस्टग्रेसची एरर मात्र कौतुकाची: कोणत्या मशीनची नोंद नाही ते आयपीसकट सांगते.

हाताने जोडून बघा

कॉन्फिगरेशनमधलं तेच नाव, तोच पासवर्ड, तोच आयपी वापरून टॉमकॅटच्याच मशीनवरून मायएसक्यूएलच्या क्लायंटने आत जा. का? कारण इथे जावा बाजूला होतो. हाताने जोडणी झाली तर दोष टॉमकॅटच्या बाजूला, नाही झाली तर टॉमकॅटच्या फाइली उलथ्यापालथ्या करण्यात अर्थ नाही. अर्धा दिवस वाचवणारी ही एकच तपासणी आहे.

‘ॲक्सेस डिनाइड’मध्ये वापरकर्त्याच्या नावापुढे ‘ॲट’ चिन्ह आणि त्यापुढे मशीनचा पत्ता असतो. लोक पासवर्डच तपासत बसतात, पुढचा भाग वाचत नाहीत. मायएसक्यूएलमध्ये वापरकर्ता म्हणजे नाव आणि मशीन अशी जोडी. लोकलहोस्टवरच्या ‘ॲप’ला परवानगी आहे म्हणून शेजारच्या मशीनवरच्या ‘ॲप’ला ती आहे असं नाही.

आता मला तीन रात्री जागवणारी भानगड सांगतो. एका कारखान्यात मायएसक्यूएल ८ टाकलं. चार महिने झकास. एका रविवारी लाइटचं काम निघालं, सर्व्हर बंद करून चालू केला, आणि सोमवारी एरर: ‘पब्लिक की रिट्रीव्हल इज नॉट अलाउड’. मी वर्कबेंच (मायएसक्यूएलचं स्वतःचं साधन) उघडून आत गेलो, पासवर्ड बरोबर. तेवढ्यात तिकडून ओरडले, “झालं, चालू झालं!” मी काही केलंच नव्हतं. पुढच्या शटडाउननंतर पुन्हा तेच, आणि मी वर्कबेंच उघडलं की पुन्हा चालू. त्यांना वाटायचं माझा हात लागला की चालतं. मलाही वाटायला लागलं होतं.

कारण असं. मायएसक्यूएल ८ पासवर्ड तपासायला ‘कॅशिंग_एसएचए२’ ही पद्धत मुळातूनच वापरतं. पहिल्या लॉगिनला पूर्ण तपासणी होते, आणि त्यासाठी एकतर जोडणी एसएसएलने झाकलेली हवी किंवा सर्व्हरची सार्वजनिक किल्ली मागून घ्यायची मुभा हवी. एकदा तपासणी झाली की तिचा सारांश सर्व्हर आपल्या मेमरीत ठेवतो आणि पुढच्या जोडण्यांना थोडक्यात सोडतो. सर्व्हर बंद झाला की ती मेमरी पुसली जाते. आमच्या यूआरएलमध्ये कुणीतरी इंटरनेटवरून उचललेलं ‘यूझएसएसएल=फॉल्स’ होतं, त्यामुळे ॲपला पूर्ण तपासणी करता येत नव्हती. वर्कबेंच एसएसएलने आत जायचं, सारांश मेमरीत पडायचा, आणि त्याच वापरकर्त्याच्या नावाने ॲपलाही वाट मोकळी व्हायची.

उपाय दोन. चांगला म्हणजे ‘यूझएसएसएल=फॉल्स’ काढून टाकणे. दुसरा म्हणजे यूआरएलमध्ये ‘अलाऊ पब्लिक की रिट्रीव्हल’ खरं करणे. तो फक्त एकाच मशीनवर किंवा खात्रीच्या आतल्या नेटवर्कवर करा, कारण मध्ये बसलेला कुणी आपलीच किल्ली पुढे करून पासवर्ड काढून घेऊ शकतो.

कॉन्फिगरेशन: टॉमकॅट कोणती फाइल वाचतोय?

हाताने जोडणी झाली, ॲपची होत नाही. आता फाइली.

बदल करूनही फरक पडत नसेल तर तुम्ही बहुधा चुकीची फाइल बदलताय. डेटाबेसची माहिती ॲपच्या आतल्या ‘मेटा-इन्फ’मधल्या ‘कॉन्टेक्स्ट.एक्सएमएल’मध्ये असू शकते, टॉमकॅटच्या ‘कॉन्फ’मधल्या त्याच नावाच्या फाइलीत असू शकते, किंवा ‘कॉन्फ’, आत ‘कॅटालिना’, आत ‘लोकलहोस्ट’ या फोल्डरमध्ये ॲपच्या नावाने असू शकते. ही शेवटची असेल तर ॲपच्या आतली बघितलीच जात नाही. टॉमकॅट ६ च्या काळात टॉमकॅट स्वतःच तिथे प्रत काढून ठेवायचा आणि नवी वॉर टाकली तरी जुनीच वापरायचा. टॉमकॅट ७ पासून ती सवय मुळात बंद आहे, पण जुन्या मशीनवरून ‘कॉन्फ’ फोल्डर उचलून आणलं असेल तर ते भूतही बरोबर येतं.

मग ॲम्परसँडचं चिन्ह. यूआरएलमध्ये दोन सेटिंग्जच्या मध्ये ‘&’ येतं. एक्सएमएल फाइलीत ते तसंच लिहिलं तर फाइलच मोडते आणि ‘द रेफरन्स टू एंटिटी’ अशी एरर येते. तिथे ‘&’ पुढे ए, एम, पी ही रोमन अक्षरं आणि मग अर्धविराम असं लिहावं लागतं. पासवर्डमध्ये ‘&’ असेल तर तिथेही तेच. प्रॉपर्टीज फाइलीत मात्र ते नुसतंच लिहायचं. इथून तिथे कॉपी केलं की गडबड.

प्रॉपर्टीज फाइलीचा स्वतःचा एक छुपा वार आहे: ओळीच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा ती पुसत नाही. पासवर्डनंतर चुकून एक स्पेस राहिली की ती पासवर्डचाच भाग. डोळ्याला दिसत नाही, एरर ‘ॲक्सेस डिनाइड’. कर्सर ओळीच्या टोकाला नेऊन बघा. व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डमधून आलेल्या ओळीत अवतरणचिन्हं वळणदार झालेली असतात, तीही हाताने पुन्हा टाइप करा.

ड्रायव्हरची जार (जावा कोडची फाइल). पूल टॉमकॅट सांभाळत असेल तर जार टॉमकॅटच्या ‘लिब’मध्ये हवी, ॲपच्या ‘वेब-इन्फ’मध्ये असून पूलला ती दिसत नाही. ॲप स्वतः पूल करत असेल तर ॲपमध्ये. दोन्हीकडे दोन वेगळ्या आवृत्त्या ठेवणं म्हणजे घरात दोन कारभारी. मायएसक्यूएलचा ड्रायव्हर ८ ला नेला तर क्लासच्या नावात मध्ये ‘सीजे’ येतो, तोही बदला. आणि ‘आयएसटी’ ओळखता येत नाही अशी वेळेच्या पट्ट्याची एरर आली तर दचकू नका: आयएसटी भारताचाही, इस्रायलचाही आणि आयर्लंडचाही. यूआरएलमध्ये ‘सर्व्हरटाइमझोन’ला ‘एशिया/कोलकाता’ द्या. ड्रायव्हर ८.०.२३ पासून ही कटकट उरली नाही.

टॉमकॅट ९ वरून थेट १० वर उडी मारली असेल तर बाकी काही तपासू नका. १० मध्ये ‘जावाएक्स’ची पॅकेजं ‘जकार्ता’ झाली. जुनं ॲप तिथे तसंच चालणार नाही. ९ वर परत या. ८.५ वर असाल तरीही ९ वरच या, ८.५ चा आधार मार्च २०२४ मध्ये संपला.

प्रश्नचिन्हांचं थोडक्यात. आमच्याकडे एकाच यादीत मराठी आणि कन्नड दोन्ही नावं असतात, त्यामुळे चूक लगेच उघडी पडते. टेबल ‘यूटीएफ८एमबी४’ करा, विंडोजवर जावा १८ च्या आधीचा असेल तर ‘फाइल.एन्कोडिंग’ यूटीएफ-८ द्या. एकदा प्रश्नचिन्ह म्हणूनच साठवलं गेलेलं नाव मात्र परत येत नाही, ते पुन्हा टाइप करावं लागतं.

पूल: सकाळची एरर आणि बाराची कोंडी

हे दोन वेगळे रोग आहेत, पण लोक दोन्हींना ‘कनेक्शन तुटतं’ म्हणतात.

सकाळचा रोग आधी. मायएसक्यूएलमध्ये ‘वेट_टाइमआउट’ २८,८०० सेकंद असतो, म्हणजे आठ तास. तेवढा वेळ कुणी काही विचारलं नाही की सर्व्हर आपल्या बाजूने जोडणी तोडतो. सोसायटी संध्याकाळी सहाला बंद, सकाळी साडेनऊला उघडते: साडेपंधरा तास. पूलला वाटतं जोडणी जिवंत आहे, तो पहिल्या माणसाच्या हातात मेलेली जोडणी देतो. लॉगमध्ये ‘शेवटचं पॅकेट इतक्या मिलिसेकंदांपूर्वी’ असा आकडा असतो. तो ५,५८,००,००० च्या आसपास असेल तर हिशेब लागला. तेच साडेपंधरा तास.

उपाय: देण्याआधी तपास. ‘टेस्ट ऑन बॉरो’ खरं करा आणि ‘व्हॅलिडेशन क्वेरी’ला ‘सिलेक्ट १’ द्या. डीबीसीपी२ मध्ये (टॉमकॅटबरोबर येणाऱ्या नेहमीच्या पूलमध्ये) ही तपासणी मुळातच चालू असते, पण टॉमकॅटच्या स्वतःच्या जेडीबीसी पूलमध्ये मुळात बंद असते. हिकारी जोडण्या अर्ध्या तासात आपणहून बदलतो, त्यामुळे तिथे हा रोग सहसा दिसत नाही. पूलच नसेल, कुणीतरी एकच जोडणी स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये धरून ठेवली असेल, तर सेटिंगने काही होणार नाही. कोड बदलावा लागेल. ‘वेट_टाइमआउट’ वाढवून चोवीस तास करणारे भेटतात. रविवारची सुट्टी आली की सोमवारी परत फोन.

आता बाराची कोंडी. टॉमकॅट एका वेळी २०० विनंत्या हाताळायला तयार असतो, पण डीबीसीपी२ चा पूल सांगितलं नाही तर फक्त ८ जोडण्यांचा. त्यात ‘मॅक्सवेटमिलिस’ मुळात उणे एक, म्हणजे अनंत काळ वाट बघ. म्हणून एररही येत नाही, नुसतं चाक फिरतं. ती वेळ १०,००० करा, निदान दहा सेकंदांत एरर तरी मिळेल.

“पण आम्ही शंभर दिलेत की!” हो, ‘मॅक्सॲक्टिव्ह’मध्ये दिलेत. टॉमकॅट ८ पासून डीबीसीपी२ आलं आणि त्या सेटिंगचं नाव ‘मॅक्सटोटल’ झालं. जुनं नाव दिलं तर टॉमकॅट सुरू होताना लॉगमध्ये स्वच्छ लिहितो की हे दुर्लक्षित करतोय, मुळातला आकडा ८ आहे. त्या वखारीत सात महिने रोज ही ओळ लॉगमध्ये पडत होती.

पण आकडा वाढवला की प्रश्न सुटला असं समजू नका. आधी गळती बघा. कोंडी झाली असताना, रिस्टार्टच्या आधी, मायएसक्यूएलमध्ये ‘शो प्रोसेसलिस्ट’ मारा. ॲपच्या सगळ्या जोडण्या ‘स्लीप’ दाखवत असतील, तरी ॲप वाट बघत बसलं असेल, तर कोडमध्ये कुणीतरी जोडणी घेतोय आणि परत करत नाहीये. बहुधा एरर आल्यावरच्या वाटेवर ‘क्लोज’ लिहायचं राहिलेलं असतं. म्हणून गर्दीत दिसतं: जितक्या चुका, तितकी गळती. जोडण्या ‘स्लीप’ नसून एकाच क्वेरीत अडकल्या असतील तर मात्र गळती नाही, क्वेरी संथ आहे किंवा कुणीतरी कुलूप लावून जेवायला गेलाय.

गळती कुठे ते शोधायला ‘रिमूव्ह अबँडन्ड ऑन बॉरो’ आणि ‘लॉग अबँडन्ड’ दोन्ही खरे करा; हिकारीत ‘लीक डिटेक्शन थ्रेशोल्ड’. दुसऱ्या दिवशी लॉगमध्ये क्लासचं नाव आणि ओळ क्रमांक मिळतो. तो सॉफ्टवेअरवाल्याला पाठवा. जावा ७ पासून ‘ट्राय विथ रिसोर्सेस’ आहे, दुरुस्ती चार ओळींची असते. पहिलं सेटिंग कायम ठेवून खूश राहू नका. लांबलचक अहवाल काढताना ते चालू जोडणीही हिसकावू शकतं, कारण ३०० सेकंद वापर दिसला नाही की ते तिला बेवारस समजतं.

आकडा किती ठेवायचा? मायएसक्यूएल मुळात १५१ जोडण्या घेतं, पोस्टग्रेस १००. दोन ॲपना प्रत्येकी शंभर दिलेत तर एक दिवस ‘टू मेनी कनेक्शन्स’ येणारच. दहा-बारा काउंटरच्या सोसायटीला मी २० देतो. आजवर कमी पडले नाहीत.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

मायएसक्यूएल सुरूच होत नाही आणि त्याच्या एरर लॉगमध्ये ‘करप्शन’ किंवा ‘पेज चेकसम’ असे शब्द दिसतात: हात बाजूला. इंटरनेटवर ‘इनोडीबी_फोर्स_रिकव्हरी’ सहा करा, नाहीतर अमुक फाइल डिलीट करा, असे सल्ले मिळतात. चार आणि त्यापुढचे आकडे डेटा कायमचा बिघडवू शकतात. सर्व्हिस बंद ठेवा, पूर्ण डेटा फोल्डरची प्रत वेगळ्या डिस्कवर काढा, आणि त्यानंतरच कुणालाही त्याला हात लावू द्या.

डिस्कमधून आवाज येतोय किंवा प्रत काढताना रीड एरर येतायत: प्रतसुद्धा काढू नका, मशीन बंद करा. डेटा रिकव्हरीवाल्याचं काम.

टेबलं गायब आणि त्याजागी पैसे मागणारी चिठ्ठी: नेटवर्कची केबल काढा, मशीन बंद करू नका, काही पुसू नका. राउटरमधून ३३०६ जगाला उघडा ठेवलेल्या ठिकाणी हे होतं. २०२२ च्या नियमांप्रमाणे अशी घटना सहा तासांच्या आत सर्ट-इनला (सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला) कळवायची असते, त्यामुळे “उद्या बघू” चालत नाही.

चालू बॅकअप नाही आणि तुम्ही आवृत्ती बदलायला निघालाय: थांबा. बॅकअप आहे, पण तो कधीच परत चढवून बघितलेला नाही: तोही नाही असंच धरा.

आणि पैशांचे व्यवहार अर्धवट राहिल्याची शंका असेल, म्हणजे खात्यातून गेले पण पावती नाही, तर डेटाबेसमध्ये हाताने आकडे दुरुस्त करू नका. आधी सॉफ्टवेअरवाला आणि तुमचा हिशेबनीस दोघांना एकत्र बसवा. एका काकांनी मला मदत म्हणून शिल्लक ‘जुळवून’ ठेवली होती. ती उलगडायला ऑडिटरला बारा दिवस लागले.

फोन करताना एवढं हाताशी ठेवा: जावा, टॉमकॅट, डेटाबेस आणि ड्रायव्हर यांच्या आवृत्त्या, बिघाडाची नेमकी वेळ, त्या वेळेच्या आधीच्या दोनशे ओळी लॉग, आणि गेल्या आठवड्यात काय बदललं. राउटर, अँटीव्हायरस, विंडोज अपडेट, काहीही. कॉन्फिगरेशनचा फोटो पाठवणार असाल तर पासवर्डवर आधी बोट ठेवा.